बिल्ला कोणाच्या हातात? ब्राउझरमधल्या कुकीज, लॉगिन आणि आपली खाती

माणदेशी_झेरॉक्स
८ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. दहिवडीत एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन. सध्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची गर्दी आहे, त्यामुळे एका मशीनवर दिवसाला तीस-चाळीस माणसं सहज बसून जातात.

मंगळवारी संध्याकाळी बीएस्सीला असलेली एक मुलगी आली. तिने दोन नंबरच्या मशीनवर स्वतःची मेल उघडली, उत्पन्नाचा दाखला उतरवून घेतला, प्रिंट काढली आणि म्हसवडची गाडी लागली म्हणून पळत सुटली. जाताना तिने ब्राउझरची खिडकी बंद केली होती. मी काउंटरवरून पाहिलं.

बुधवारी सकाळी एक गृहस्थ त्याच मशीनवर बसले. त्यांनी मेलची साइट उघडली तर समोर तिचा इनबॉक्स. आधार कार्डाचा स्कॅन, खाली जातीचा दाखला, त्याखाली बँक पासबुकाचं पहिलं पान. त्यांनीच मला हाक मारली, "अहो, हे कुणाचं तरी उघडं राहिलंय." माणूस भला निघाला म्हणून निभावलं.

मी लगेच तिथून लॉगआउट केलं आणि फॉर्मवर नंबर होता त्यावर तिला फोन लावला. ती घाबरली. दोनदा म्हणाली, "पण दादा, मी बंद केलं होतं की!"

तिचं काही चुकलं नव्हतं. बंद केलं म्हणजे संपलं, असंच आपण सगळे समजतो. त्या रात्री दुकान लावल्यावर मी सेटिंग्जमध्ये शिरून त्या मशीनवर कोणकोणत्या साइटचा डेटा साठलाय ते पाहिलं. यादी संपता संपेना. ज्या साइटचं नाव मी आयुष्यात ऐकलं नाही, अशांच्याही कुकीज तिथे होत्या.

मला दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. एक, रोज रात्री सगळं पुसलं तर पुरतं का? दोन, गिऱ्हाइकाला घाईत एका वाक्यात काय सांगायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. माझ्यासारखे दुकानदार प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत.

चिंचेचा_पार
८ जानेवारी, रात्री ११:०५

दादा, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी गेली बारा वर्षं वेबसाइटी बांधण्याचं काम करतो, पुण्यात. मुळापासून लिहितो, म्हणजे तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच येतील.

वेबसाइटच्या सर्व्हरला स्मरणशक्ती नसते. तुम्ही एक पान मागितलं, त्याने दिलं, विषय संपला. पुढच्या क्षणी तुम्ही दुसरं पान मागितलंत तरी तो तुम्हाला ओळखत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मोंतुली या अभियंत्याने यावर तोड काढली. ऑनलाइन दुकानात माणसाने टोपलीत काय टाकलं ते लक्षात कसं ठेवायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्याने असं केलं की सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी ब्राउझरला द्यायची आणि ब्राउझरने दर फेरीला ती परत दाखवायची. हीच कुकी.

देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड डोळ्यासमोर आणा. तुम्ही चपला देता, तो पत्र्याचा नंबराचा बिल्ला देतो. दर्शन घेऊन आलात की तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही, बिल्ल्याकडे बघतो. बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या.

तुम्ही पासवर्ड टाकता, ओटीपी टाकता, ते फक्त बिल्ला मिळेपर्यंत. एकदा बिल्ला मिळाला की पुढचे कित्येक दिवस साइट तुम्हाला पासवर्ड विचारतच नाही. त्या मुलीने खिडकी बंद केली, पण बिल्ला तुमच्या मशीनवर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीच्या गृहस्थांनी साइट उघडली तेव्हा ब्राउझरने इमानेइतबारे तोच बिल्ला दाखवला.

काही कुकीज ब्राउझर बंद होईपर्यंतच जगतात, काहींवर मुदतीची तारीख असते. क्रोमने २०२२ पासून ही मुदत जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणली. म्हणजे 'मला लक्षात ठेवा' या चौकोनात खूण केली की बिल्ला वर्षभरही चालू शकतो. शिवाय 'मागच्या वेळी जिथे होतो तिथून सुरू करा' हे सेटिंग चालू असेल तर बंद होताना मरायच्या कुकीजही पुन्हा जिवंत होतात. तुमच्या मशीनवर ते चालू आहे का, आधी बघा.

आता तुमचा पहिला प्रश्न, रोज पुसून पुरतं का? अर्धं पुरतं. कुकी पुसणं म्हणजे आपल्या हातातला बिल्ला फेकून देणं. स्टँडवाल्याच्या वहीत तो नंबर अजून चालूच असतो. त्याआधी कुणी त्या बिल्ल्याची नक्कल केली असेल तर ती चालते. लॉगआउट म्हणजे बिल्ला परत देऊन वहीतला नंबर खोडायला लावणं. म्हणून आधी लॉगआउट, मग पुसणं.

गोदातीर
९ जानेवारी, सकाळी ७:४०

चपलांच्या स्टँडचा दाखला फार आवडला. मी बँकेतून निवृत्त झालो, वय ६८. पेपरात वाचल्यापासून रोज रात्री सगळ्या कुकीज पुसून झोपतो. पण त्यामुळे सकाळी प्रत्येक ठिकाणी पासवर्ड, ओटीपी, 'तुम्ही नवीन डिव्हाइसवरून आला आहात' असे मेल. सौ. म्हणते, एवढा व्याप कशाला, पुढे तिलाही माझ्यासोबत ओटीपी शोधत बसावं लागतं. दुसरं म्हणजे, नातवाने इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, वापरायला सांगितलं आहे. त्यात कोणाला काही दिसत नाही, हे खरं का?

आणि एक भीती. साइट उघडताना कुकीजची पाटी येते, तिच्यावर 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं की व्हायरस येतो का?

चिंचेचा_पार
९ जानेवारी, सकाळी ९:१५

काका, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. कुकी हा निव्वळ मजकूर असतो, एका कुकीत साधारण चार हजार अक्षरं मावतात. ती आपण होऊन काही चालवू शकत नाही, त्यामुळे व्हायरस येत नाही. धोका दुसऱ्या बाजूने आहे. व्हायरस आला तर तो कुकीज चोरून नेतो.

स्वतःच्या घरच्या, पासवर्ड लावलेल्या कॉम्प्युटरवर रोज सगळं पुसायची गरज नाही. उलट रोज पुसलंत तर रोज पासवर्ड टाइप करावा लागतो, आणि घाईत एखाद्या दिवशी खोट्या साइटवर तो टाकला जाण्याची शक्यता वाढते. बँकेची काळजी करू नका. तिथे काही मिनिटं हालचाल नसली की बँकेची साइट आपण होऊन लॉगआउट करते. फक्त काम झालं की लॉगआउटचं बटण आपण होऊन दाबायचं, ही सवय तुम्हाला असणारच.

घरच्या मशीनवर एकच बदल करा. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'गोपनीयता आणि सुरक्षा' या भागात जाऊन तृतीय पक्ष कुकी बंद करा. जाहिरातवाल्यांचा बराच पाठलाग तिथेच थांबतो आणि तुमचं रोजचं लॉगिन तसंच राहतं. एखाद्या साइटवर पैसे भरताना किंवा व्हिडिओ बघताना अडलं, तर पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला असलेल्या चिन्हावर टिचकी मारून तेवढ्या साइटपुरती परवानगी देता येते.

इन्कॉग्निटोबद्दल नातवाने अर्धंच सांगितलं. इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की त्यातल्या कुकीज आणि इतिहास तुमच्या मशीनवरून जातो, एवढंच. ज्या साइटवर तुम्ही गेलात तिला दिसतंच, इंटरनेट देणाऱ्या कंपनीलाही तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते कळतं. याच गैरसमजावरून अमेरिकेत गूगलवर २०२० मध्ये दावा झाला होता. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि गूगलने जमा झालेल्या नोंदी नष्ट करायचं आणि इन्कॉग्निटोच्या पानावरचा मजकूर बदलायचं मान्य केलं.

सायलेंट_वाचक
९ जानेवारी, सकाळी १०:०२

तृतीय पक्ष म्हणजे कोण? पहिला पक्ष आणि दुसरा पक्ष कुठे गेले?

चिंचेचा_पार
९ जानेवारी, दुपारी १:३०

तुम्ही आणि तुम्ही उघडलेली साइट, हे दोन पक्ष. तिसरा म्हणजे त्या पानात आतून डोकावणारा, ज्याच्याकडे तुम्ही गेलाच नव्हतात. बातमीच्या पानावर जाहिरात असते, 'लाइक'चं बटण असतं, कधी नुसता एक ठिपक्याएवढा अदृश्य फोटो असतो. ते दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येतं, आणि तीही आपला बिल्ला तुमच्या हातात देते.

पुन्हा देवळाकडे येऊ. समजा जेजुरी, तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर, सगळीकडच्या चपलांच्या स्टँडचा ठेका एकाच माणसाकडे आहे. त्याने तुम्हाला जेजुरीत ४७१२ नंबरचा बिल्ला दिला आणि पुढे प्रत्येक देवळात तुम्ही तोच दाखवता. त्याला तुमचं नाव माहीत नाही, पण ४७१२ सोमवारी जेजुरीला होता, गुरुवारी तुळजापुरात, आणि दोन्हीकडे संततीचा नवस बोलला, हे त्याच्या वहीत चढतं. मग प्रसादाच्या दुकानाला तो ती वही दाखवतो. म्हणून रात्री एका साइटवर गुडघेदुखीबद्दल वाचलं की सकाळी भलत्याच पानावर तेलाची जाहिरात दिसते.

अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून असे बिल्ले सरसकट बंद केले. फायरफॉक्स ब्राउझरने जून २०२२ पासून प्रत्येक देवळाचा डबाच वेगळा केला. ठेकेदार तोच असला तरी जेजुरीतला बिल्ला तुळजापुरात दिसत नाही.

कट्टा_कोपरा
९ जानेवारी, दुपारी ३:५०

पण क्रोम हे बंद करणार होतं ना? मी तेव्हा डिजिटल मार्केटिंगमध्ये नोकरीला होतो, ऑफिसात नुसती पळापळ होती. 'आता कुकीज गेल्या' म्हणून आम्हाला ट्रेनिंगं दिली होती.

चिंचेचा_पार
९ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

बरोबर आठवतंय तुम्हाला. जानेवारी २०२० मध्ये गूगलने दोन वर्षांत बंद करू असं जाहीर केलं. मग मुदत पुढे, मग आणखी पुढे. जानेवारी २०२४ मध्ये एक टक्का लोकांसाठी खरंच बंद करून पाहिलं. जुलै २०२४ मध्ये बेत सोडल्याचं सांगितलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये 'बंद करायचं का' अशी वापरणाऱ्यांना वेगळी विचारणाही करणार नाही असं म्हटलं. म्हणून मी गोदातीर काकांना हाताने बंद करायला सांगितलं. मला यात गूगलचा हेतू शोधत बसायचं नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या कंपनीचा ब्राउझर वापरताना ही कळ आपणच फिरवायची असते, हे लक्षात असलं म्हणजे झालं.

राइनकाठची_मी
९ जानेवारी, रात्री ११:४५

मी जर्मनीत कोलोनला राहते. इकडे कोणतीही साइट उघडा, आधी कुकीजची पाटी आडवी येते. आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तिला एकदा पाककृती वाचून दाखवायची होती, तर पाटीतून वाट काढण्यातच दूध उतू गेलं. पण त्या पाटीमागे काय काय घडलं, हे कळल्यापासून मी ती न वाचता कधीच दाबत नाही.

इथल्या एका ऑनलाइन सोडतीच्या साइटने कुकीजच्या संमतीच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवली होती. ज्याला नको त्याने काढावी. जर्मनीतल्या ग्राहक संघटनेने दावा लावला, तो युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. १ ऑक्टोबर २०१९ ला निकाल आला की आधीपासून केलेली खूण म्हणजे संमती नव्हे. संमती द्यायची तर माणसाने स्वतः काही केलं पाहिजे. पुढे फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. कारण काय, तर 'स्वीकारा' एका टिचकीत आणि नाकारायला मात्र कितीतरी टिचक्या. त्यानंतर इकडच्या पाट्यांवर 'सगळं नाकारा' हे बटण ठळक दिसायला लागलं.

माझी पद्धत अगदी साधी आहे. 'सगळं नाकारा' दिसलं तर तेच दाबायचं. साइट चालायला लागणाऱ्या कुकीज तरीही राहतात, त्यांना वेगळी संमती लागत नाही, त्यामुळे काही अडत नाही. नाकारायचं बटण लपवलेलं असेल तर ती साइट मी सोडून देते. पाककृती दुसरीकडेही मिळते.

अ‍ॅड_सावली
१० जानेवारी, सकाळी ८:३०

राइनकाठची ताई, छान लिहिलंत. आपल्याकडचं सांगते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ ला अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांपासून अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ उजाडेल. कायद्यात कुकीजसाठी वेगळं कलम नाही, पण कुकीमधून माणूस ओळखता येत असेल तर तो त्याचा वैयक्तिक डेटाच.

मला त्यातल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं कायद्यात लिहिलं आहे. आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीत, कोकणीतही. आज माझ्या अशिलांपैकी निम्मे लोक ती इंग्रजी पाटी केवळ समोरून हटावी म्हणून 'अ‍ॅक्सेप्ट' दाबतात. त्यांना त्यांच्या भाषेत विचारलं तर निदान काय विचारलंय ते कळेल. ज्यांना संधी आहे त्यांनी आत्तापासून साइटवाल्यांना लिहून मराठी पाटी मागावी, असं मला मनापासून वाटतं.

अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढणं आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिरात करणं, याला काही अपवाद सोडता बंदी आहे.

दुकानदार दादांसाठी आणखी एक मुद्दा आहे, तो थोड्या वेळाने लिहिते. कोर्टात निघाले आहे.

फिरता_कॅमेरा
१० जानेवारी, दुपारी १२:१५

मी गड-किल्ल्यांचे व्हिडिओ करतो. जाहिराती वगैरे ठीक आहे, पण खरी आग कुठे लागते ते मी भोगलंय, म्हणून लिहितो.

दीड वर्षापूर्वी मला मेल आला. ट्रेकिंगच्या बुटांची जाहिरात करायची, मानधन चांगलं, करार सोबत जोडलाय. फाइल झिप होती, आत पीडीएफसारखं चिन्ह असलेली फाइल. मी दोनदा टिचकी मारली, काहीच उघडलं नाही. म्हटलं फाइल बिघडली असेल, उद्या विचारू. रात्री पावणेदोनला बहिणीचा फोन, "तुझ्या चॅनेलचं नाव बदललंय, त्यावर कसलंतरी क्रिप्टोचं चाललंय."

माझा पासवर्ड बावीस अक्षरी होता. दुहेरी पडताळणी चालू होती. मला ना ओटीपी आला, ना कुणी पासवर्ड मागितला. सात वर्षांचं काम, हरिश्चंद्रगडापासून साल्हेरपर्यंत, सगळे व्हिडिओ खासगी करून टाकले होते. परत मिळवायला एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांत मी नीट जेवलो नाही.

तेव्हा कुणीतरी 'कुकी चोरली' म्हणालं. मला तो शब्द कळला नव्हता. आज चपलांच्या स्टँडचं वाचलं आणि कळला.

चिंचेचा_पार
१० जानेवारी, दुपारी २:००

वाचून वाईट वाटलं. चॅनेल परत मिळालं हे ऐकून बरं वाटलं.

तुमच्या बाबतीत त्या फाइलने ब्राउझरच्या फोल्डरमधले सगळे बिल्ले उचलले आणि दूरच्या कुणाला पाठवले. पासवर्ड, ओटीपी हे स्टँडवर चपला देतानाचे सोपस्कार होते. चोराने रांगच चुकवली, तो थेट बिल्ला घेऊन खिडकीशी गेला. मार्च २०२३ मध्ये कॅनडातल्या लायनस टेक टिप्स या प्रचंड मोठ्या तंत्रज्ञानाच्या चॅनेलचं हेच झालं होतं. प्रायोजकाच्या नावाने आलेली फाइल त्यांच्याकडे एका कर्मचाऱ्याने उघडली होती. ज्यांचं आयुष्य कॉम्प्युटरवर जातं त्यांचीही फसगत होते, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

याचा बाजार आहे. जेनेसिस मार्केट नावाच्या ठिकाणी चोरलेल्या कुकीज आणि पासवर्ड, एकेका माणसाचा गठ्ठा करून विकले जायचे. १५ लाखांहून जास्त कॉम्प्युटरांचा माल तिथे होता. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्सच्या पुढाकाराने १७ देशांच्या पोलिसांनी तो बंद केला, ११९ जणांना अटक झाली. त्या कारवाईचं नाव होतं 'ऑपरेशन कुकी मॉन्स्टर'.

ब्राउझरवालेही गप्प नाहीत. विंडोजवरच्या क्रोममध्ये जुलै २०२४ पासून कुकीज अशा कुलपात ठेवतात की दुसऱ्या प्रोग्रामला त्या सहज वाचता येऊ नयेत. चोर त्यावरही तोडगे शोधतात. बिल्ला त्या एकाच मशीनशी बांधून टाकायचा, म्हणजे तो दुसऱ्या मशीनवर चालणारच नाही, असंही काम सुरू आहे.

असं काही झाल्याची शंका आली तर क्रम महत्त्वाचा. ज्या मशीनवर फाइल उघडली ते इंटरनेटवरून तोडा. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून खात्यात जा आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा. मग पासवर्ड बदला. लोक घाबरून त्याच मशीनवर पासवर्ड बदलत बसतात, आणि नवा पासवर्डही चोराला आयता मिळतो.

सायलेंट_वाचक
१० जानेवारी, दुपारी २:४०

आणि रेल्वे स्टेशनवरचं फुकट वायफाय? त्यातून कुकी चोरतात म्हणे.

चिंचेचा_पार
१० जानेवारी, दुपारी ३:०५

एके काळी सर्रास चोरता यायची. २०१० मध्ये एरिक बटलर याने फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, काढलं. उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्या माणसाचं खातं एका टिचकीत उघडून दाखवायचं. लोकांना जागं करायला त्याने ते काढलं होतं आणि झालंही तसंच. मोठ्या साइट पुढे पूर्णपणे एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवायच्या पद्धतीवर, गेल्या. आता बिल्ला कुलूपबंद डब्यातून प्रवास करतो, रस्त्यात बघता येत नाही. फक्त ब्राउझर 'ही साइट सुरक्षित नाही' म्हणाला तर तिथे पुढे जाऊ नका. वायफायपेक्षा मला क्रॅक केलेली, म्हणजे परवाना मोडून फुकट वाटलेली सॉफ्टवेअरं आणि अनोळखी एक्स्टेंशनची भीती जास्त वाटते.

माणदेशी_झेरॉक्स
१० जानेवारी, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅमेरावाले दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या एक नंबरच्या मशीनवर फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर असंच 'मित्राकडून' आणलेलं होतं. आज ते काढलं, विंडोज नव्याने टाकलं.

'मागच्या वेळी जिथे होतो तिथून' हे सेटिंग तिन्ही मशीनवर चालूच होतं. वीज गेली की गिऱ्हाइकाचा अर्धा भरलेला फॉर्म परत उघडावा म्हणून मीच कधीतरी लावलं होतं. त्या मुलीचा इनबॉक्स त्यामुळेही उघडा राहिला असेल.

आता असं केलंय. क्रोममध्ये वर प्रोफाइलच्या चिन्हात 'अतिथी' म्हणून पर्याय आहे. त्यात उघडलेली खिडकी बंद केली की सगळ्या कुकीज, इतिहास, लॉगिन जातं. भाच्याने शॉर्टकटच्या गुणधर्मात पत्त्याच्या शेवटी एक मोकळी जागा, दोन डॅश आणि इंग्रजीत गेस्ट हा शब्द लिहिला, त्यामुळे टिचकी मारली की क्रोम थेट अतिथी म्हणूनच उघडतं. दर गिऱ्हाइकानंतर खिडकी बंद करायची, एवढं काम मी अंगावर घेतलंय.

एक अडचण आहे. बरेच लोक कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊन येतात आणि आमच्या मशीनवर क्यूआर लावून व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतात. त्याचं काय?

चिंचेचा_पार
१० जानेवारी, रात्री १०:३०

झकास काम केलंत. व्हॉट्सअ‍ॅप वेबचं लॉगिन कुकीत नसतं, ब्राउझरच्या दुसऱ्या कप्प्यात असतं, पण अतिथी खिडकी बंद झाली की तोही कप्पा जातो. तरी गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' या यादीत तुमच्या मशीनची नोंद राहते. प्रिंट झाली की तिथूनच लॉगआउट करायला सांगा. फोन त्याच्या हातात असतो, दहा सेकंदांचं काम आहे. त्या यादीत आणखी कुठली जुनी नोंद दिसली तर तीही त्याच वेळी काढता येते. माझ्या काकूच्या फोनमध्ये एका लॉजचं मशीन निघालं होतं.

अ‍ॅड_सावली
१० जानेवारी, रात्री ११:१०

सकाळचा राहिलेला मुद्दा. दादा, अतिथी खिडकी बंद केली की कुकीज जातात, पण 'डाउनलोड्स' फोल्डर तसाच राहतो. त्या मुलीने उतरवलेला उत्पन्नाचा दाखला तुमच्या मशीनवर अजून असणार. माहिती ज्या कामासाठी घेतली ते काम झालं की ती पुसायची, हे नव्या कायद्याचं सूत्र आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कुकी गेली म्हणून निश्चिंत होऊ नका. एकदा उघडून बघा.

माणदेशी_झेरॉक्स
११ जानेवारी, सकाळी ११:२५

ताई, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या बघितलं. दोन नंबरच्या मशीनवर २०२१ पासूनचे दाखले होते. आधार, पॅन, सातबारा, मार्कशीट, कुणाचा तरी घटस्फोटाचा कागद, एका बाळाचा जन्मदाखला. अर्ध्याअधिक नावांचे चेहरे मला आठवत होते. बायकोला दुकानात बसवलं आणि तिन्ही मशीनवरचं सगळं पुसलं, रीसायकल बिनही रिकामा केला. दोन तास गेले. आता रोज शटर ओढायच्या आधी हे करणार. प्रिंटरमध्ये अडकून राहिलेल्या कामांची यादीही रिकामी करतोय.

काउंटरवर लावायला पाटी लिहिली आहे. 'काम झाल्यावर कृपया आपल्या खात्यातून बाहेर पडावे.' बरोबर वाटते का?

राइनकाठची_मी
११ जानेवारी, दुपारी ४:१५

खिडकी बंद करणं म्हणजेच बाहेर पडणं असं त्या मुलीला वाटलं होतं ना? मग 'बाहेर पडावे' नको. स्क्रीनवर जो शब्द दिसतो तोच पाटीवर लिहा.

माणदेशी_झेरॉक्स
१२ जानेवारी, रात्री ९:००

बदलली. 'आधी लॉगआउट किंवा साइन आउट दाबा, मग उठा. व्हॉट्सअ‍ॅप लावलं असेल तर फोनमधूनही काढा.' मोठ्या अक्षरात, लॅमिनेट करून तिन्ही स्क्रीनखाली चिकटवली.

ती मुलगी आज दुपारी आली होती, हमीपत्राची प्रिंट काढायला. तीन नंबरच्या मशीनवर बसली. प्रिंट हातात आल्यावर पाटी वाचली, वर कोपऱ्यातल्या स्वतःच्या नावाच्या गोलावर टिचकी मारली, साइन आउट दाबलं आणि पान पुन्हा उघडून पासवर्ड मागतंय का ते तपासलं. मग मला म्हणाली, "दादा, कॉलेजच्या लायब्ररीतल्या मशीनवरही मी असंच करत होते. तिथलं कसं काढायचं?" तिच्या फोनवर आम्ही दोघांनी मिळून खात्यातली डिव्हाइसची यादी उघडली. लायब्ररीचं मशीन होतं, आणि अकरावीत असताना मामाच्या घरी वापरलेला लॅपटॉपही. दोन्हीकडून तिने साइन आउट केलं.